90 टक्के शिसं गेलं, पण कुठे?

जुलै उजाडला की कॉलेजच्या मागच्या जिन्यावरून उतरताना सगळ्यांनाच आपोआप 'मूनवॉक' यायला लागतो. पायऱ्यांवर, कंपाउंड वॉलवर, गच्चीच्या कठड्यावर काळपट-हिरवा बुळबुळीत थर धरतो आणि शिपाईमामा ब्लीचिंग पावडरची बादली घेऊन हजर होतात. ग्राउंडच्या कडेला तर कुणी जेली सांडून गेल्यासारखे लिबलिबीत गोळे दिसतात. ऊन पडलं की वाळून त्यांचे काळे पापुद्रे होतात, पुन्हा पाऊस आला की टम्म फुगतात.

याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. पण त्यातलं बरंचसं शेवाळ नाहीच. ते जिवाणू आहेत. जेलीचे गोळे म्हणजे बहुतेक वेळा नॉस्टॉक. भिंतीवरचे काळे ओघळ म्हणजे स्कायटोनिमा, ग्लिओकॅप्सा वगैरे मंडळी. सगळ्यांचं आडनाव एकच, सायनोबॅक्टेरिया. जुनी पुस्तकं त्यांना नील-हरित शैवाल म्हणतात आणि अकरावीच्या बायोलॉजीत आपण ते पाठही केलेलं असतं. पेशीत केंद्रक नाही, हरितलवक नाही, तरी प्रकाशसंश्लेषण मात्र झाडासारखं, पाणी फोडून ऑक्सिजन सोडणारं. खरं तर 'झाडासारखं' म्हणणं उलटंच झालं, कारण झाडांनी ते यांच्याकडून घेतलंय. पानातलं हरितलवक हे कधीकाळी दुसऱ्या एका पेशीने पोटात घेतलेल्या सायनोबॅक्टेरियाचं वंशज. साधारण 240 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठायला लागला, तोही यांच्याच कृपेने.

एवढं खानदानी घराणं आणि आपण त्यावर ब्लीचिंग पावडर टाकतो. असो.

मायक्रोबायोलॉजी, बॉटनी, बायोटेक किंवा एन्व्हायर्न्मेंटल सायन्सवाल्यांना हे नाव पुन्हा भेटतं ते प्रोजेक्टचा विषय ठरवताना. सायनोबॅक्टेरियावरचे दोन विषय कुठल्या ना कुठल्या कॉलेजात असतातच. एक, यांच्या अर्काने रोगजंतू मरतात का? दोन, यांच्या मदतीने पाण्यातले जड धातू काढता येतात का? दोन्हींचं उत्तर बहुधा 'हो' असंच येतं. पोस्टरवर '90 टक्के लेड रिमूव्हल' असा काहीतरी ठसठशीत आकडा झळकतो, टाळ्या पडतात आणि पोस्टर गुंडाळून कपाटावर जातं.

मग साधा प्रश्न पडतो. हे इतकं छान चालतं, तर सांडपाण्याच्या प्लांटमध्ये आणि केमिस्टच्या दुकानात का दिसत नाही? 'सरकार लक्ष देत नाही' हे कॅन्टीनमधलं उत्तर झालं. खरं उत्तर बरचसं आपल्या टेस्ट ट्यूबमध्येच आहे. त्यासाठी आधी हा जीव हे दोन्ही उद्योग करतो तरी कसे, ते बघू.

बुळबुळीतपणा हेच भांडवल

ज्या बुळबुळीत थरावरून आपण घसरतो, तोच धातू पकडतो. सायनोबॅक्टेरियाच्या पेशीभोवती साखरेच्या लांबलचक साखळ्यांचं डिंकासारखं आवरण असतं. शास्त्रीय नाव एक्सोपॉलिसॅकराइड, लॅबच्या भाषेत ईपीएस. हे आवरण पाणी धरून ठेवतं, म्हणून उन्हाळाभर वाळून पडलेला नॉस्टॉक पहिल्या पावसात जिवंत होतो. या साखळ्यांवर कार्बोक्सिल, फॉस्फेट, सल्फेट असे गट लटकलेले असतात आणि त्यांच्यावर ऋण भार असतो. शिसं, कॅडमियम, तांबं, निकेल हे पाण्यात विरघळले की त्यांच्या आयनांवर धन भार. पुढचं सांगायला नको. माळावरून चालताना पँटला कुसळं चिकटतात तसे हे आयन आवरणाला चिकटतात.

ही पहिली पायरी भलतीच वेगवान असते. काही मिनिटांत, फार तर तासाभरात बहुतेक काम होऊन जातं. त्यासाठी पेशी जिवंत असायचीही गरज नाही. वाळवून पूड केलेले सायनोबॅक्टेरियाही धातू धरतात आणि या पुडीला प्रकाश लागत नाही, खाऊ लागत नाही, धातूच्या विषाने ती मरायचीही भीती नाही. याला बायोसॉर्प्शन म्हणतात. दुसरी पायरी सावकाश चालते आणि ती फक्त जिवंत पेशीच चढू शकतात. यात धातू पेशीच्या आत जातो आणि तिथे त्याला बांधून ठेवलं जातं. सिनेकोकोकस नावाच्या एकपेशीय सायनोबॅक्टेरियाकडे मेटॅलोथायोनीन हे गंधकाने भरलेलं छोटं प्रथिन असतं. जस्त, कॅडमियमसारखे धातू ते कवेत घेऊन बसतं. या प्रथिनाचं जनुक काढून टाकलं की तोच सिनेकोकोकस जस्त आणि कॅडमियमपुढे पटकन हात टेकतो.

पाण्याचा पीएच इथे सगळा खेळ बदलतो. पाणी फार आम्लधर्मी झालं की हायड्रोजनचे आयन आधीच जागा अडवून बसतात आणि धातूला सीटच मिळत नाही. मुंबईची लोकल डोळ्यांपुढे आणा, लगेच समजेल. याचा एक फायदाही आहे. धातूने भरलेली पूड सौम्य आम्लात धुतली की धातू सुटून वेगळा निघतो आणि पूड पुन्हा वापरता येते.

क्रोमियमचा मात्र स्वभावच निराळा. चामडं कमावण्याच्या आणि इलेक्ट्रोप्लेटिंगच्या धंद्यातलं सर्वांत घातक रूप म्हणजे हेक्साव्हॅलंट क्रोमियम. ते पाण्यात क्रोमेट म्हणून असतं आणि क्रोमेटवर ऋण भार असतो! म्हणजे शिशाच्या बरोबर उलटं. ते आम्लधर्मी पाण्यातच चांगलं चिकटतं आणि चिकटताना त्यातल्या बऱ्याच भागाचं कमी विषारी ट्रायव्हॅलंट क्रोमियम होतं. त्यामुळे सीनियरने शिशासाठी केलेली प्रोसिजर क्रोमियमसाठी जशीच्या तशी उतरवली तर रिझल्ट हमखास फसतो. 'सायनोबॅक्टेरिया जड धातू काढतात' हे वाक्यच त्यामुळे ढोबळ आहे. कोणता धातू, कोणत्या रूपात, किती पीएचला, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

मुंबईत तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात यावर झालेलं काम वाचण्यासारखं आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या सिनेकोकोकसला युरेनियमच्या द्रावणात सोडलं. पीएच ठेवला 7.8, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या जवळपास. तासाभरात या पेशींनी द्रावणातलं सुमारे 70 टक्के युरेनियम धरलं आणि ते प्रामुख्याने बाहेरच्या ईपीएसमध्ये अडकलेलं सापडलं. आकड्यापेक्षा मला यातली पीएचची निवड महत्त्वाची वाटते. प्रयोग त्यांनी लॅबला सोयीच्या पाण्यात केला नाही. युरेनियम जिथे खरोखर असतं तशा पाण्यात केला. समुद्राच्या एका लिटरमध्ये जेमतेम 3 मायक्रोग्रॅम युरेनियम असतं, पण समुद्र केवढा! पंजाबच्या माळव्यात तर ते विहिरी-बोअरच्या पाण्यात येतं. तिथे जागतिक आरोग्य संघटनेची लिटरला 30 मायक्रोग्रॅमची मर्यादा अनेक ठिकाणी ओलांडली जाते.

आता ते 90 टक्के

समजा तुम्ही लिटरला 100 मिलिग्रॅम शिसं असलेलं द्रावण घेतलं. कॉलेजच्या लॅबमध्ये हा आकडा आवडता, कारण मोजायला सोपा. नॉस्टॉक टाकला, तीन दिवसांनी मोजलं तर 10 मिलिग्रॅम उरलं. 90 टक्के! पण पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे शिसं चालतं ते लिटरला 0.01 मिलिग्रॅम. म्हणजे तुमचं 'शुद्ध' पाणी अजून मर्यादेच्या हजारपट विषारी आहे. कारखान्याने नदीत सोडायचं म्हटलं तरी मर्यादा 0.1 मिलिग्रॅम, तिच्याही शंभरपट. टक्केवारी दिसायला गोंडस असते. पाणी पिणाऱ्याला टक्केवारीशी काही देणंघेणं नसतं, उरलं किती एवढाच त्याचा प्रश्न.

बरं, जे 90 मिलिग्रॅम 'गेलं', ते नॉस्टॉकनेच नेलं कशावरून? इथे खरी गंमत आहे. सायनोबॅक्टेरिया वाढवायला आपण बीजी-11 हे माध्यम वापरतो. त्यात फॉस्फेट असतं. शिसं आणि फॉस्फेट भेटले की न विरघळणारा साका तयार होतो आणि तळाशी बसतो. म्हणजे पेशी न टाकताच थोडं शिसं पाण्यातून गायब! त्यात पेशी प्रकाशात वाढायला लागल्या की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, पीएच चढतो, कधी कधी 9 च्याही वर, आणि धातू हायड्रॉक्साइड होऊनही खाली बसतात. शिवाय काचेच्या भांड्याच्या भिंतीलाही थोडा धातू चिकटतो. हे सगळं वरच्या पाण्यातून कमी झालेलं दिसतं आणि आपण त्याचं श्रेय बिनदिक्कत नॉस्टॉकला देऊन मोकळे.

यावर उपाय फुकट आहे. तेच माध्यम, तोच धातू, तोच पीएच, तेच भांडं, तितकेच दिवस, फक्त पेशी नाहीत, असा एक फ्लास्क शेजारी ठेवायचा. त्यात जितकं शिसं कमी होईल तितकं आपल्या आकड्यातून वजा. एक फ्लास्क! तरीही प्रोजेक्ट रिपोर्ट चाळले तर सगळ्यात आधी गाळलेला असतो तो हाच.

पेशी पाण्यातून परत गोळा करायला त्रास होतो म्हणून बरेच जण त्यांना सोडियम अल्जिनेटमध्ये कालवून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब सोडतात आणि साबुदाण्याएवढे हिरवे मणी बनवतात. दिसायला झकास, इन्स्टावर टाकण्यासारखे. कल्पनाही योग्य आहे, कारण मण्यांचा कॉलम भरून त्यातून पाणी सोडता येतं. फक्त एक लक्षात ठेवा, अल्जिनेट स्वतःच धातू पकडतं. तेही समुद्री शेवाळातून आलेलं, त्यावरही कार्बोक्सिल गट असतात. त्यामुळे पेशी न घातलेल्या रिकाम्या मण्यांचा कॉलमही लावावा लागतो. दोन्ही कॉलमचे आकडे जवळपास सारखे आले तर थोडं दुःख होईल, पण कळेल तरी.

याही पुढचा टप्पा खऱ्या सांडपाण्याचा. लॅबमध्ये डिस्टिल्ड पाण्यात एकटं शिसं असतं. नाल्याच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम शिशाच्या कितीतरी पटीने जास्त असतात आणि तेही त्याच जागांसाठी रांगेत उभे. साबण असतो, रंग असतो, सेंद्रिय घाण असते. लॅबमधला हिरो इथे साईड रोलमध्ये जातो. तरी काही जाती इथेही टिकतात, आणि शोधायच्या त्या याच. दूषित जागीच वर्षानुवर्षं वाढणारे ऑसिलेटोरिया, फॉर्मिडियमचे धागे तपासण्यामागे हेच लॉजिक आहे.

शेवटी शिसं हे मूलद्रव्य आहे. ते नष्ट होत नाही, जागा बदलतं. पाण्यातून पुडीत आलं, एवढंच. ती पूड बेसिनमध्ये ओतली तर सगळा उद्योग वाया. झाकणाच्या डब्यात, लेबल लावून, घातक कचऱ्यातच ती गेली पाहिजे. आम्लाने धुतलेलं पाणीसुद्धा.

धातूचा आणि सुपरबगचा काय संबंध?

आता दुसऱ्या प्रोजेक्टकडे, म्हणजे जंतू मारण्याकडे वळायचं. पण मधे एक पूल आहे आणि तो कुणी फारसा दाखवत नाही. आपल्याकडे हे दोन वेगळे विषय समजले जातात. जंतूंना मात्र ते वेगळे वाटत नाहीत.

1993 मध्ये माकडांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांच्या दातांत पारा असलेलं अमाल्गम, म्हणजे आपल्या डेंटिस्टकडचं चांदी म्हणवणारं फिलिंग, भरलं गेलं. त्यानंतर माकडांच्या तोंडात आणि आतड्यात पाऱ्याला न जुमानणारे जिवाणू वाढले. इथवर ठीक. पण त्याच जिवाणूंपैकी अनेक जण अँटिबायोटिक्सनाही दाद देईनासे झाले होते, आणि माकडांना अँटिबायोटिक दिलेलंच नव्हतं!

कारण जनुकांच्या पॅकिंगमध्ये आहे. जिवाणूंमध्ये इकडून तिकडे उड्या मारणारे डीएनएचे तुकडे असतात. टीएन-21 हा त्यातला गाजलेला. त्याच्यावर पाऱ्यापासून वाचवणारी जनुकं आणि अँटिबायोटिकपासून वाचवणारी जनुकं शेजारी शेजारी बसलेली असतात. कॉम्बो पॅकच म्हणा. पाण्यात पारा असला की ज्यांच्याकडे हे पॅक आहे तेच जगतात आणि पॅकमधली दुसरी वस्तू त्यांना फुकट मिळते. काही जिवाणूंकडे तर पेशीतून बाहेर फेकणारा असा पंप असतो, जो धातूही फेकतो आणि औषधही. अँटिबायोटिक एक वेळ पाण्यात विघटित होईल. धातू होत नाही. तो नदीच्या गाळात वर्षानुवर्षं बसतो आणि रोज परीक्षा घेत राहतो.

आपल्या देशात ही परीक्षा दोन्ही बाजूंनी चालते. हैदराबादजवळ पाटणचेरूला औषध कंपन्यांचं सांडपाणी शुद्ध करणारा एक प्लांट आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्या प्लांटमधून 'शुद्ध होऊन' बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडलं. ही गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात असतं त्याच्या कितीतरी पट. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गामुळे थेट दगावलेल्यांचा जागतिक अंदाज 2019 या एका वर्षासाठी 12 लाख 70 हजार इतका आहे. त्यामुळे पाण्यातून धातू काढणं हे नवीन अँटिबायोटिक शोधण्याइतकंच या लढाईतलं काम आहे. एकाच घराण्याचे जीव दोन्हीकडे उपयोगी पडू शकतात, ही या विषयातली मला सर्वांत भावलेली गोष्ट.

शांत जिवाचा केमिकल कारखाना

सायनोबॅक्टेरियाला पाय नाहीत. काही जाती जरा सरकतात, इतकंच. उन्हात एका जागी बसायचं, आजूबाजूला जागेसाठी टपलेले शेजारी, वरून बुरशी आणि त्यांना चरणारे बारीक प्राणी. अशा वेळी रसायनं हेच हत्यार. हॅपॅलोसायफॉन, फिशरेला या जाती इंडोलपासून अल्कलॉइड बनवतात. फिशरेला अँबिग्वाची अँबिग्विन्स प्रयोगशाळेत क्षयाच्या जिवाणूवरही चाललेली आहेत. नॉस्टॉक एलिप्सोस्पोरममध्ये अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटला सायनोव्हायरिन-एन हे प्रथिन सापडलं. 101 अमिनो आम्लांचं हे चिमुकलं प्रथिन एचआयव्हीच्या बाहेरच्या साखरेला जाऊन चिकटतं आणि विषाणूला पेशीत शिरू देत नाही. हे 1997 मध्ये जाहीर झालं. औषध म्हणून ते अजून बाजारात आलेलं नाही.

क्रिप्टोफायसिनची गोष्ट तर वेबसीरीजच्या लायकीची आहे. मर्क कंपनीच्या संशोधकांना 1990 च्या सुमारास नॉस्टॉकमध्ये बुरशी मारणारा एक रेणू मिळाला. क्रिप्टोकोकस या बुरशीवर चालतो म्हणून नाव क्रिप्टोफायसिन. पण तो माणसाच्या पेशींनाही मारत होता, म्हणून बाजूला पडला. पुढे हवाई विद्यापीठात रिचर्ड मूर यांच्या गटाने म्हटलं, पेशी मारतो ना, मग कॅन्सरच्या पेशींवर बघू. तिथे तो जबरदस्त निघाला. त्याचंच सुधारलेलं रूप माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं आणि तिथे थांबलं, कारण फायदा बेताचा आणि मज्जातंतूंवरचे दुष्परिणाम जास्त. तीन सीझन, शेवट दुःखी.

सुखी शेवटाचीही एक गोष्ट आहे. समुद्री ससा नावाच्या गोगलगायीच्या भावंडात डोलास्टॅटिन-10 हा रेणू सापडला होता. नंतर कळलं, तो बनवणारा सायनोबॅक्टेरिया. गोगलगाय फक्त ते चरत होती. त्याच रेणूच्या धर्तीवर बनवलेला भाग आज ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन या औषधात आहे. हॉजकिन लिम्फोमावरच्या या औषधाला अमेरिकेत 2011 मध्ये मान्यता मिळाली. मात्र अँटिबायोटिकच्या बाबतीत अजून शून्य. सायनोबॅक्टेरियातून आलेलं एकही अँटिबायोटिक आज केमिस्टकडे मिळत नाही.

आणि कॉलेजच्या प्लेटवर मात्र दर वर्षी झोन येतोच. हे कसं?

मिलिमीटरचं प्रेम

प्रोजेक्टमध्ये आपण काय करतो? पेशी वाळवतो, मेथॅनॉलमध्ये भिजवतो, अर्क आटवतो, अगारला खळगा पाडून त्यात अर्क ओततो. दुसऱ्या दिवशी खळग्याभोवती जंतू न वाढलेला स्वच्छ गोल दिसला की फोटो काढतो. शेजारी सिप्रोफ्लॉक्सासिनची डिस्क असते. तिचा गोल थोडा मोठा असतो, म्हणून लिहितो, 'अर्काची क्षमता प्रमाणित औषधाच्या जवळपास'.

जरा हिशेब करू. अर्क मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम घेतला आणि खळग्यात 100 मायक्रोलिटर ओतला, तर आत गेला 5 मिलिग्रॅम अर्क. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या प्रमाणित डिस्कवर औषध असतं 5 मायक्रोग्रॅम. हजारपट फरक! इतक्या मात्रेत तर स्वयंपाकघरातल्या निम्म्या डब्यांतल्या वस्तू झोन देतील. अर्क म्हणजे शेकडो रेणूंची भेळ, हे मान्य. त्यातला एखादा अस्सल असू शकतो. पण तो गोल बघून ते कळत नाही. शिवाय गोलाचा आकार रेणू अगारमधून किती सहज पसरतो यावरही ठरतो. मोठा, पाण्यात न विरघळणारा रेणू खळग्याशीच अडकून बसेल आणि कितीही जालीम असला तरी गोल छोटाच येईल.

म्हणून एमआयसी काढायचं. जंतूची वाढ थांबवायला कमीत कमी किती मात्रा लागते, हे 96 खळग्यांच्या प्लेटवर अर्क निम्मा-निम्मा करत बघायचं. खर्च फार नाही, चिकाटी लागते. नुसत्या मेथॅनॉलचा किंवा डीएमएसओचा खळगा हवाच, नाहीतर जंतू सॉल्व्हंटने मेले की अर्काने, कोण सांगणार? आणि आपलं कल्चर शुद्ध आहे ना, हेही बघायला हवं. सायनोबॅक्टेरियाच्या बुळबुळीत आवरणात इतर जिवाणू सुखाने राहतात. जंतू मारणारा रेणू त्या भाडेकरूंपैकी एकाचा असण्याची शक्यता चांगलीच असते.

स्टॅफिलोकोकस ऑरियससारख्या ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूवर गोल येतो आणि ई. कोलायवर येत नाही, हे अनेकांच्या बाबतीत होतं. नाराज होऊ नका. ग्रॅम निगेटिव्ह जंतूंना बाहेरून एक जादा पटल असतं, ते बरेच रेणू आत येऊच देत नाही. नकारात्मक निकालही लिहा. पुढच्या बॅचचे सहा महिने वाचतील.

मग स्पिरुलिनाच्या गोळ्या?

जिमच्या लॉकरमध्ये हिरव्या गोळ्यांची बाटली असणाऱ्यांसाठी हा परिच्छेद. स्पिरुलिना हाही सायनोबॅक्टेरियाच. आफ्रिकेत चाड सरोवराकाठचे लोक त्याच्या वाळवलेल्या वड्या खातात, मेक्सिकोत अझ्टेक लोकही खात. प्रथिनं भरपूर, यात वाद नाही. पण वर वाचलं ते आठवा. जो जीव पाण्यातला धातू इतक्या उत्साहाने ओढतो, तो घाण पाण्यात वाढवला तर धातू जातील कुठे? गोळीत. म्हणूनच स्पिरुलिना कुठल्या पाण्यात वाढवला आणि त्या बॅचची शिसं, कॅडमियम, पारा, आर्सेनिकसाठी तपासणी झाली का, हे विचारण्यात संकोच नको. बाटलीवरच्या हिरव्या पानाच्या चित्रावरून यातलं काहीच कळत नाही.

दुसरी भानगड विषाची. मायक्रोसिस्टिस ही जात तळ्यांवर हिरव्या रंगासारखी पसरते आणि मायक्रोसिस्टिन हे यकृताचं विष बनवते. 1996 मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात एका डायलिसिस केंद्रात अशा दूषित जलाशयाचं पाणी नीट शुद्ध न करता वापरलं गेलं. रुग्णांच्या रक्तात विष गेलं आणि किमान 52 जण त्यामुळे दगावले. तळ्यावरची साय खरवडून 'घरगुती स्पिरुलिना' करण्याचे व्हिडिओ दिसले तर पुढे स्क्रोल करा. लॅबमध्येही अनोळखी नमुना हाताळताना ग्लोव्हज घाला. जंतू मारणारा अर्क मिळालाच, तर तो माणसाच्या पेशी मारतो का हे लगेच तपासा. क्रिप्टोफायसिन तिथेच अडकलं होतं.

सुरुवात करायची तर

ओळखीचे स्ट्रेन हवे असतील तर तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठात समुद्री सायनोबॅक्टेरियाचं राष्ट्रीय केंद्र आहे, 1991 पासूनचं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतही नील-हरित शैवालांचा मोठा संग्रह आहे. भातशेतीत नत्र स्थिर करण्याचं काम हे जीव करतात हे पी. के. डे यांनी 1939 मध्ये दाखवलं, तेव्हापासून आपल्याकडे ही परंपरा आहे. स्वतः गोळा करणार असाल तर ओळख पटवायला टी. व्ही. देशिकाचारींचा 1959 चा 'सायनोफायटा' हा ग्रंथ अजूनही हाताशी लागतो. डिपार्टमेंटच्या लायब्ररीत वरच्या फळीवर, धूळ झटकून बघा. अर्थात आता नुसत्या आकारावरून ओळख पुरत नाही, 16 एस जनुकाचं सिक्वेन्सिंगही लागतं.

बऱ्याच जणांना पहिला मोह होतो तो लोणारचा. 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर, 10 च्या आसपास पीएच, पाण्यात स्पिरुलिनाचे मळसूत्री धागे. 2020 च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा सगळ्यांनीच स्टेटस ठेवलं होतं. पुण्याच्या आघारकर संस्थेने तो रंग क्षारप्रेमी आर्कियाचा असल्याचं दाखवलं. सायनोबॅक्टेरियाचा त्यात हात नव्हता. पण लोणार हे अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथलं पाणी बाटलीत भरता येत नाही आणि परवानगीला वेळ लागतो. तोवर जिन्याचा कठडा, भाताचं खाचर, इलेक्ट्रोप्लेटिंगच्या गाळ्यामागचं गटार आहेच. यातलं शेवटचं खरं तर जास्त कामाचं. जो तिथे जगतोय, त्याला धातूची सवय आधीच झालेली आहे.